मद्यविक्री आणि वयाची खातरजमा

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये असून बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. याच रस्त्यालगतच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आहे. त्याच्या वयाची शहानिशा न करता मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक व व्यवस्थापक यांना अटक झाली. तेव्हापासून ओळखपत्र तपासणे हा केवळ उपचार राहिलेला नाही.

महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. बालकास मद्य देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नेहमीची चूक अशी की, वाहनपरवाना किंवा मतदार ओळखपत्र दिसताच ग्राहक 'सज्ञान' मानला जातो. ही दोन्ही पत्रे अठराव्या वर्षीच मिळतात! म्हणून पत्राचा प्रकार नव्हे, तर त्यावरील जन्मतारीख वाचावयास हवी. ३१ डिसेंबर २००० नंतर जन्मलेल्यास ३१ डिसेंबर २०२५ रोजी तीव्र मद्य देता येत नव्हते. हिशेब इतका काटेकोर आहे. काही आधारपत्रांवर केवळ जन्मवर्ष असते. तेवढ्यावर विसंबून राहू नये.

संशयास्पद पत्रांत मित्राचे वा थोरल्या भावाचे पत्र ओळखणे सर्वांत कठीण, कारण ते खरेच असते. छायाचित्रातील केसांपेक्षा कान, नाक व हनुवटी न्याहाळावी. पत्त्यावरील पिनकोड सहज विचारावा. खाडाखोड, तारखेतील अंकांचा वेगळा आकार, उचकटलेले आवरण हीही लक्षणे होत. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र सहज बदलता येते. त्याऐवजी डिजिलॉकरमधील मूळ पत्र समक्ष उघडावयास सांगावे. आधारवरील क्यूआर संकेत अधिकृत ॲपने पडताळता येतो.

शंका न फिटल्यास मद्य नाकारावे. 'पत्र खोटे आहे' असा आरोप चारचौघांत करू नये; 'वयाची खात्री होत नाही, क्षमा करावी' एवढे पुरे. पत्र हिसकावून ठेवण्याचा अधिकार वाढप्यास नाही. ते परत द्यावे, व्यवस्थापकास बोलवावे आणि दमदाटी झाल्यास पोलिसांना कळवावे. एकाने मागवून टेबलावरील इतरांना पाजण्याचा प्रकार सर्रास घडतो. तेथे प्रत्येकाचे पत्र पाहणे आवश्यक ठरते.