‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून काय झालं?

एचएलए-बी२७च्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ दिसलं, की माणूस त्याच दिवसापासून स्वतःला रुग्ण समजू लागतो. कोविडनं या शब्दाची धास्ती घातली आहे खरी, पण तिथे अंगात विषाणू सापडलेला असतो. इथे कळतं ते एवढंच, की प्रथिनांचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या एका रेणूचा विशिष्ट प्रकार तुम्हाला आईकडून किंवा वडिलांकडून मिळाला आहे. तो जन्मापासून होता आणि शेवटपर्यंत राहणार. त्यामुळे औषधं घेतल्यावर ‘आता निगेटिव्ह आला का’ म्हणून हीच चाचणी पुन्हा करणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

या रेणूच्या, म्हणजे बी२७च्या, जनुकाचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी, म्हणजे मणके आखडवणाऱ्या संधिवाताशी, असलेला संबंध १९७३ साली पुढे आला. युरोपीय वंशाच्या रुग्णांत सुमारे ९० टक्क्यांकडे तो सापडतो. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, कारण ते तो उलटा वाचतात. जनुक असलेल्या शंभर जणांपैकी साधारण पाचांनाच हा आजार होतो, बाकीचे तो न होताच म्हातारे होतात. शिवाय हा काही बिघडलेला जनुक नव्हे. एचआयव्हीची लागण झालेल्यांत बी२७ असणाऱ्यांचा आजार सरासरीनं हळू वाढतो. एकीकडे मणक्यांना जाच, दुसरीकडे विषाणूला आवर.

यावर कुणी म्हणेल, एका जनुकानं आख्खी प्रतिकारयंत्रणा उलटते हे तर नोबेलनंच मान्य केलं आहे. बरोबर. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली फॉक्सपी३ या जनुकातला दोष दाखवला, आणि शिमोन साकागुची यांच्यासह २०२५चं नोबेल त्यांना मिळालं. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी या जनुकावाचून नीट घडतच नाहीत. तो एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजार मुलग्यांना होतो: तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, मधुमेह, अंगभर इसब, अनेकदा अन्नाची अ‍ॅलर्जीसुद्धा. स्वतःवरचा हल्ला आणि अ‍ॅलर्जी एकाच मुळातून निघू शकतात, हे यातून लख्ख दिसतं. पण हा आजार अत्यंत विरळा आहे, आणि त्यात जनुकाचं कामच बंद पडलेलं असतं. बी२७ आपलं काम करत असतो. बातमीतल्या फॉक्सपी३ची भीती त्याच्यावर लादण्यात अर्थ नाही.

‘आधी कळलं तर काळजी घेता येईल’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण काय काळजी घेणार? त्रास नसलेल्या माणसाचा आजार टाळणारं सिद्ध औषध नाही. व्यायाम करा आणि सिगारेट सोडा, हे सांगायला रक्त काढावं लागत नाही. म्हणून चेकअपच्या पॅकेजात ही चाचणी घुसडलेली असेल तर ती वगळायला सांगा, आणि एकाचा रिपोर्ट आला म्हणून घरादाराची रांग लावू नका. मात्र चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिने टिकलेली कंबरदुखी असेल, पहाटे दुखून जाग येत असेल, सकाळी पाठ ताठरत असेल आणि विश्रांतीनं नव्हे तर हालचालीनं बरं वाटत असेल, तर संधिवाततज्ज्ञाला गाठा. सोबत डोळा लाल होऊन दुखत असेल तर अजिबात थांबू नका. अशा वेळी चाचणी उपयोगी पडते, तरीही ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

सगळ्याच एचएलए चाचण्या मी मोडीत काढत नाही. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजारात, डीक्यू२ आणि डीक्यू८ हे दोन्ही एचएलए प्रकार नसतील, तर गव्हावरचा संशय जवळपास मिटतो. फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी, विशेषतः आशियाई वंशाच्या माणसात, बी*१५:०२ हा प्रकार तपासण्यालाही अर्थ आहे. तो असलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, पण ज्यांना होतं त्यांची कातडी सोलवटून जीव जाऊ शकतो, आणि डॉक्टरांकडे दुसरं औषध असतं.