छत्री गवत : थोड्या भांडवलाचा जोडधंदा

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. धानाच्या बांधीतला मोथा येथे कोणाला ठाऊक नाही? शेतकरी तो उपटून थकतो. पण याच मोथ्याच्या कुळातील काही वनस्पती शोभेसाठी लावल्या व विकल्या जातात. ओळख सोपी आहे. गवताची काडी बहुधा गोल व पोकळ असते. मोथ्याची भरीव व बहुधा तिधारी.

या कुळाला हलके समजू नये. प्राचीन मिस्रमध्ये यातील पपायरसपासून कागद होत असे. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या पत्तमडै गावी लब्बई मुस्लिम कारागीर याच कुळातील कोरै वनस्पतीच्या तलम चटया विणतात. आपण ज्याला तण म्हणतो, त्याच जातीवर तेथे चुली पेटतात.

शोभेच्या बागेसाठी आम्ही छत्री गवत सुचवतो. हे मूळचे आफ्रिकेकडील. उंची तीन-चार फूट, आणि काडीच्या टोकाला पानांची उघडी छत्री.

लागवड : पावसाळा लागताच पक्की छत्री दोन-तीन इंच काडीसह कापावी. पाने निम्मी छाटावीत आणि छत्री उलटी करून पाण्यात ठेवावी. दोन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. मग बांधीची चिकण माती व थोडे कुजलेले शेणखत भरलेल्या कुंडीत रोप लावावे आणि कुंडी पाण्याच्या टबात ठेवावी. एका जुन्या झुपक्यावर वीस छत्र्या असल्या आणि निम्म्या जगल्या, तरी दहा रोपे विनाखर्च होतात.

निगा : माती कधी सुकू देऊ नये. मे महिन्यात दुपारची सावली द्यावी. पिवळ्या काड्या बुडापासून कापाव्यात. दोन वर्षांनी झुपका फोडून वेगळा लावावा. टबातील पाणी दर आठवड्याला बदलावे, नाहीतर डास होतात.

पाण्यासाठी नळावर भार नको. वजूचे वापरलेले पाणी पाक असते. त्याने पुन्हा वजू होत नाही, पण झाडाला ते चालते. मशिदीच्या वजूखान्याची नाली अशा वाफ्यात सोडली, तर चिखल मिटेल व हिरवळही होईल.

विक्री : रोपे नर्सरीवाले घेतात, काड्या फूलवाल्यांना गुच्छासाठी लागतात. काही विक्रेते हे झाड ‘पाम’ म्हणून विकतात. गिऱ्हाईक मग कमी पाणी घालते आणि झाड वाळते. मालाचा दोष लपवणे आपल्या दीनमध्ये मना आहे. ‘याला रोज पाणी लागते’ हे विकतानाच सांगावे. त्याने एखादे गिऱ्हाईक जाईल, पण दुकानाची साख राहील.

आणखी एक जबाबदारी आहे. छाटलेल्या काड्या किंवा जास्तीची रोपे तलावात, बोडीत किंवा नाल्यात टाकू नयेत. हे झाड ओलीत झपाट्याने पसरते. आपल्या तलावांवर धानाचे ओलीत, ढीवर बांधवांची मासेमारी आणि सारस पक्षी अवलंबून आहेत. चार पैशांच्या नफ्यासाठी दुसऱ्याची रोजी बुडवणे हा व्यापार नव्हे. छाट उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालावी.

मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणूस, पशू वा पक्ष्याने खाल्ले, तर तो त्याचा सदका ठरतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्या रोपाने कोणाचे नुकसान होऊ नये, हेही त्यातच आले. ज्यांच्या परसात चार हात जागा रिकामी आहे, त्यांनी या पावसाळ्यात एका कुंडीपासून सुरुवात करावी. इन्शाअल्लाह, बरकत होईल.