उंसांतील शेजारी व आपली सेवा

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें नारायणगांव मागें टाकलें कीं आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडीचें शिवार लागतें. हा कुकडीच्या खोऱ्यांतील मुलूख एके काळीं बहुतांशीं पावसावर जगणारा होता. पुढें माणिकडोह, येडगांव इत्यादि धरणें झालीं, पाटाचें पाणी आलें आणि ऊंस उभा राहिला. तो वर्ष-दीड वर्ष शेतांतून हालत नाहीं. आंत गर्द सावली, जवळ पाणी, वस्तीवर कुत्रीं व शेळ्या. बिबट्याच्या मादीला विण्यासाठीं याहून सोयीची जागा डोंगरांतही मिळावयाची नाहीं. म्हणून येथील बिबट्या हा वाट चुकून आलेला पाहुणा नव्हे. तो उंसांतच जन्मतो व उंसांतच वाढतो.

हें न उमगल्यामुळें पूर्वीं एक उपाय उलटला. इ. स. २००१ पासून जुन्नर वनविभागांत बिबटे पिंजऱ्यांत धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा मोठा उद्योग झाला. डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा हिशेब मांडला, तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वीं, म्हणजे १९९३ ते २००१ या काळांत, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्यें ते १७ झाले, आणि ही वाढ विशेषेंकरून जेथें बिबटे सोडले त्या जागांच्या आसपास होती. शेजारच्या अकोले तालुक्यांतील त्यांची पाहणीही विचार करण्याजोगी आहे. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसें राहतात अशा शेतीच्या प्रदेशांत १०० चौरस किलोमीटरला सुमारें ५ प्रौढ बिबटे आढळले, व त्यांच्या आहारांत कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के होता, शेळ्यांचा अवघा ११. उकिरडा वाढला कीं कुत्रीं वाढतात, हें पालकांनीं मनांत आणावें.

जुन्नरजवळ माणिकडोह येथें जखमी व निराधार बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. तेथील शुश्रूषेचें काम ‘वाइल्डलाइफ एस. ओ. एस.’ या धर्मादाय संस्थेनें वन खात्याच्या सहकार्यानें २००७ सालीं हातीं घेतलें. अशा संस्थेंत स्वयंसेवक व्हावें असें मुलांना वाटतें तें स्तुत्य आहे. परंतु तें वाटतांना त्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा मांडीवर घेतलेला बछडा असतो. त्यांची थोडी निराशा होईल. ज्या जनावरानें पुन्हां शिवारांत परतावयाचें त्याला मनुष्याची संवय लागतां कामा नये, हा या सेवेचा पहिला नियम. स्वयंसेवकाचें खरें काम जनावराशीं नसून माणसांशीं असतें, असें आमचें मत आहे.

उदाहरणार्थ, ऊंसतोडीच्या दिवसांतील प्रसंग घ्या. कोयता चालतां चालतां पाचटांत दोन-तीन पिलें दिसतात. पाहणाऱ्यास वाटतें, आईनें टाकलीं. वास्तविक ती भक्ष्याच्या शोधांत गेलेली असते, किंवा माणसांच्या गलबल्यानें जवळच्या फडांत दबून बसलेली असते. अशा वेळीं तोड तेथेंच थांबवावी, पिलांस हात लावूं नये व वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावें. पिलें पळविणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अपराध आहेच; शिवाय पिलांवांचून सैरभैर झालेली मादी त्याच शिवारांत फिरत राहते, आणि त्याचा धोका वस्तीलाच. पशुवैद्य येऊन पिलांची प्रकृति तपासतात व ओळख राहावी म्हणून कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण बसवितात. दिवस मावळतां पिलें उघडतां येईल अशा पेटींत घालून जेथें सांपडलीं नेमकीं तेथेंच ठेवतात, जवळ अंधारांत पाहणारा कॅमेरा लावतात व सर्व मंडळी दूर जातात. मादी येते, मानेला धरून एकेक पिलूं उचलून नेते. पहिल्या रात्रीं आली नाहीं तर दुसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रयोग. आतां विचार करा, या सर्वांत अवघड भाग कोणता? पेटी नव्हे, कॅमेराही नव्हे. दुपारपासून बांधावर जमलेले, फोन उंच धरून उभे असलेले गांवकरी घरीं पाठविणें हा. तेथें परका अधिकारी रागावून जें करूं शकत नाहीं, तें गांवांतला ओळखीचा मुलगा ‘काका, आपण जरा मागें होऊं या’ एवढ्या शब्दांत करूं शकतो.

या सेवेची शिकवण सांगतांना ज्यांचें मूल गेलें त्यांच्यापुढें भूतदयेचें व्याख्यान मात्र झोडूं नये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड-जांबूत भागांत बालकें व एक वृद्धा यांचे बळी गेले, आणि संतप्त लोकांनीं मंचर येथें हमरस्ता अडविला. तो संताप खोटा नव्हता. हल्ला करणारें जनावर धरावें लागतें, हें मान्य करूनच पुढें बोलावें. नाहींतर कोणी ऐकणार नाहीं, व ऐकूंही नये.

बोलावयाचें प्रथम कोठें, याविषयीं आमची एक सूचना आहे. पक्क्या घरांतील मुलांना बरेंच ठाऊक असतें. परंतु बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणीच्या टोळ्या शेताच्या कडेला कोप्यांत उतरतात. आईबाप पहांटे अंधारांत फडावर जातात आणि लेंकरें मागें उरतात. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं शिक्षकांसह रविवारीं दुपारीं, टोळीच्या विसाव्याच्या वेळीं, तेथें जावें. सांगावयाचें थोडेंच आहे: अंधारांत शौचास एकट्यानें जाऊं नये, कारण वांकून बसलेलें मूल लहान जनावरासारखें दिसतें, जातांना बॅटरी व मोठ्यानें बोलणें असावें, लहानांनीं कोपीच्या आंत, मोठ्यांच्या मध्यें निजावें, शेळ्या-कोंबड्या दाराशीं मोकळ्या बांधूं नयेत. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळूं नये; लहानांस उचलून घ्यावें आणि हात वर करून, ओरडत मागें सरावें. जाण्यापूर्वीं मुकादमाला विचारावें, आणि सूर्य मावळण्याच्या आंत सर्वांनीं घरीं परतावें.