‘फुंतरू’ पाहताना

विद्यार्थीमित्रांनो, सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) तुम्ही पाहिला आहे का? त्यात अभियांत्रिकीचा विद्यार्थी आवडत्या मुलीची होलोग्राम-प्रतिमा तयार करतो. मराठीत असे विज्ञानपट विरळाच; म्हणून तो जरूर पाहावा, पण प्रश्न विचारत पाहावा.

डेनिस गॅबॉर यांना होलोग्राफीच्या शोधाबद्दल १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. होलोग्राममध्ये प्रकाश काचपट्टीकडून डोळ्यांत येतो. मोकळ्या हवेत त्याला आपल्याकडे वळवणार कोण?

प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत भिंतीवर टाका. बाजूने तो जेमतेम दिसतो. आता त्यात खडूची पूड उडवा. झोत उजळतो, कारण कणांवरून प्रकाश विखुरतो.

पडद्यावर हवेत उभी प्रतिमा दिसली, की विचारा : इथे कण कोणते? कल्याण-डोंबिवलीतील शाळांच्या विज्ञान मंडळांनी चित्रपट दाखवून यावर चर्चा घडवावी.