नळावरची गाळणी

बेल्लमपल्ली म्हटले की सिंगरेणीचा दगडी कोळसा आठवतो. नळाच्या तोटीवर बसवावयाच्या गाळणीतही कोळसाच असतो. पुष्कळदा तो नारळाच्या करवंटीचा! त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरांहून अधिक भरतो. त्यावर दुर्गंधी द्रव्ये चिकटून राहतात, क्लोरीनही नाहीसा होतो. पण क्लोरीन गेला म्हणजे पाण्याचा पहारेकरीच गेला! ओल्या कोळशात रात्रभर जंतू वाढू शकतात. म्हणून सकाळचे पहिले पाणी झाडांना घालावे आणि कोळशाची नळकांडी मुदतीत बदलावी. पावसाळ्यात गाळलेले पाणी उकळून घ्यावे. फ्लोराइड मात्र या गाळणीने अडत नाही, उकळण्यानेही जात नाही. त्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरणारी ‘नलगोंडा पद्धती’ सिद्ध केली.