दान : नेम, ऐपत आणि हिशेब



इ.स. ५५ च्या सुमारास यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी संत पौलाने वर्गणी गोळा केली. करिंथकरांना त्याने घालून दिलेल्या पद्धतीतून (१ करिंथ १६:१-४) आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली, नेम. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे बाजूला काढून ठेवायचे. खर्चातून उरले तर देऊ म्हटले, की बहुधा काहीच उरत नाही.

दुसरी, ऐपत. मिळकतीप्रमाणे द्यायचे. आपल्या धनज भागात सोयाबीन, कापूस, तूर विकली की पैसा हाती येतो आणि आधी कृषी केंद्राची उधारी फेडावी लागते. ज्याचे पीक बुडाले, त्याने कर्ज काढून दान देऊ नये. जे आपल्याजवळ नाही, ते देव मागत नाही (२ करिंथ ८:१२). त्याची ओंजळभर तूर किंवा दिवसभराचे श्रमदान हेही अर्पणच. ज्याला चांगले पिकले, त्याने मात्र विधवेच्या दोन नाण्यांचा (मार्क १२:४१-४४) दाखला देऊन दहाची नोट टाकू नये. तिने होते नव्हते ते सर्व दिले होते.

तिसरी, हिशेब. दान पोहोचवणारी माणसे करिंथकरांनीच पसंत करायची होती. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणेही प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी (कलम ५३७), ज्या कारणासाठी दान मिळाले त्यासाठीच ते वापरावे (१२६७) आणि अर्पणाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा (१२८७). म्हणून हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

या आठवड्यात घरी एकत्र प्रार्थना करून ठरवा : आपण किती, केव्हा आणि कशासाठी देणार?

आपला,
धर्मगुरू