नोकरीचा पोशाख : मोजके कपडे, नेटके कपडे



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात कचेरीत नोकरीला जाणारी ही पहिली वा दुसरी पिढी आहे. परीक्षेचा अभ्यास कसा करावा, अर्ज कसा भरावा हे सांगणारे आता वस्तीत भेटतात. परंतु नोकरीच्या ठिकाणी कपडे कोणते घालावेत, हे सांगणारे घरात कोणी नसते. वडिलांनी गिरणीत किंवा शेतात आयुष्य काढलेले असते. विचारावे तर संकोच वाटतो आणि न विचारावे तर पगार नको त्या कपड्यांवर खर्च होतो. म्हणून फॅशनचे ज्ञान नसलेल्यांसाठी हा छोटा पाठ आम्ही लिहीत आहोत.

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. आम्ही पहिल्या मुलाखतीला मावसभावाचा शर्ट घालून गेलो होतो. शर्ट नवा होता, महाग होता. पण त्याचे खांदे आमच्या खांद्यांपेक्षा दोन बोटे खाली उतरत होते आणि बाह्या तळव्यांवर येत होत्या. समोरचे साहेब प्रश्न विचारीत होते आणि आमचे अर्धे लक्ष बाह्या वर ओढण्यात होते. येत असलेली उत्तरेही नीट देता आली नाहीत. ती नोकरी मिळाली नाही. दोष केवळ शर्टाचा नव्हता, हे आम्ही जाणतो. पण एक गोष्ट त्या दिवशी कळली, की चांगला पोशाख म्हणजे जो अंगावर असल्याचे आपण विसरून जातो तो. मग सारे लक्ष कामाकडे राहते.

पोशाखाचा प्रश्न क्षुल्लक नाही

"गुण असले म्हणजे झाले, कपड्यांचे काय?" असे काहीजण म्हणतील. त्यांनी इतिहास आठवावा. अनेक गावांत आपल्या पूर्वजांना नवे, स्वच्छ किंवा पायघोळ वस्त्र वापरू दिले जात नसे. माणूस दुरूनच ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास, ओळख पटविणारे दागिने टाकण्यास आणि वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवण्यास सांगितले. त्यांचा स्वतःचा पोशाखही नेटका असे. यात डामडौल नव्हता, स्वाभिमान होता. आपणही पोशाखाकडे त्याच दृष्टीने पाहावे.

पहिली पायरी : घरातले कपडे तपासा

बाजारात जाण्यापूर्वी आपले सर्व कपडे खाली काढा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात अंगाला बरोबर बसणारे व चांगल्या स्थितीतले कपडे ठेवा. दुसऱ्यात बटण, शिवण किंवा लांबी दुरुस्त केल्यास चालतील असे ठेवा. तिसऱ्यात विटलेले, कॉलर झिजलेले आणि मापात न बसणारे जातील. दुसरा ढीग आधी शिंप्याकडे न्यावा. थोड्या पैशांत दोन-तीन कपडे वापरात येतात. त्यानंतर जे कमी पडते तेवढ्याचीच यादी करावी.

दुसरी पायरी : माप

फॅशन कळत नसेल तरी हरकत नाही. माप कळले पाहिजे. बेताच्या किमतीचा पण मापात बसणारा शर्ट हा महाग पण ढगळ शर्टापेक्षा केव्हाही शोभून दिसतो. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

१) खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. खाली उतरू नये, वर चढू नये.
२) वरचे बटण लावल्यावर कॉलरमध्ये एक-दोन बोटे सहज जावीत.
३) हात सरळ सोडल्यावर कफ मनगटाच्या हाडापाशी यावा.
४) बसल्यावर छातीवरची व पोटावरची बटणे ताणली जाऊ नयेत.
५) पँट बुटावर जेमतेम टेकावी. टाचेखाली आलेली पँट घसपटून फाटते.

पँटची कंबर किंवा लांबी कमी करणे शिंप्याला सोपे असते. खांदा दुरुस्त करणे मात्र अवघड व खर्चाचे काम आहे. म्हणून तयार शर्ट घेताना आधी खांदा पाहावा. शिवून घेताना कापड सुती असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच द्यावे, कारण ते आटते. शिवणीत थोडी माया ठेवण्यास सांगावे; पुढे अंग भरले तर कपडा उसवून वाढविता येतो.

तिसरी पायरी : रंग आणि कापड

रंगांची जुळणी न समजणाऱ्यांसाठी एक सोपा नियम आहे. पँट गडद आणि शर्ट फिका. पँट गडद निळी, राखाडी किंवा काळी घ्यावी. शर्ट पांढरा, फिकट निळा, मोतिया किंवा बारीक रेघांचा असावा. मग यातला कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालतो. हिशेब करून पाहा. ३ पँटी आणि ५ शर्ट म्हणजे ८ कपडे. पण त्यांचे जोड होतात १५. उलट भडक नक्षीचा शर्ट एकाच पँटवर चालतो आणि तो घातलेला दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे असावेत. काळा घेतल्यास सर्वांवर चालतो.

सुती कापड घाम शोषते, पण चुरगळते. निव्वळ पॉलिएस्टर चुरगळत नाही, पण आपल्या हवेत अंगाला चिकटते. लोकलच्या गर्दीतून किंवा एस.टी.ने जाणाऱ्याला दोन्हींचे मिश्रण असलेले टेरिकॉट सोयीचे पडते. दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर कापडाचा एक धागा जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

भगिनींसाठी

नियम हेच आहेत. साडी, पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पँट यांपैकी जे कचेरीत चालते आणि ज्यात आपल्याला मोकळेपणाने चालता-बसता येते ते घ्यावे. साडी नेसणाऱ्यांनी फॉल-पिको आधी करून घ्यावे व पदर पिनेने बसवावा. दोन-तीन साध्या रंगांचे ब्लाऊज असे निवडावेत की ते अनेक साड्यांवर जातील. ब्लाऊज हात वर करून, पुढे वाकून तपासावा. ड्रेसचे कापड पातळ असेल तर अस्तर लावून घ्यावे. काळी किंवा गडद सलवार दोन-तीन कुर्त्यांवर चालते. वाजणारे दागिने कामाच्या वेळी टाळावेत.

खर्चाचा हिशेब

कपड्याची खरी किंमत चिठ्ठीवर नसते, ती वापरात असते. ४०० रुपयांचा शर्ट २० वेळा घालून विटला तर प्रत्येक वेळेस २० रुपये पडले. १,२०० रुपयांचा शर्ट १०० वेळा घातला तर १२ रुपयेच पडले. मात्र यासाठी कर्ज काढू नये. पहिल्या पगारात सर्व काही घेण्याची घाई नको. आधी चांगले बूट आणि एक पँट, पुढील महिन्यात दोन शर्ट, अशा क्रमाने वर्षभरात संच पूर्ण होतो. नव्या कचेरीत पहिला आठवडा आपल्या हुद्द्याचे अनुभवी लोक काय घालतात ते पाहावे आणि मगच पुढची खरेदी करावी.

निगा

कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत, रंग टिकतो. कॉलर व कफ धुण्यापूर्वी साबण लावून थोडा वेळ ठेवावेत. पॉलिएस्टरला गरम इस्त्री लावू नये. इस्त्री रात्रीच करून ठेवावी, म्हणजे सकाळी वीज गेली तरी अडत नाही. पावसात भिजलेले कातडी बूट चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नयेत, कातडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत सुकवावेत व नंतर पॉलिश करावे. सुईदोरा आणि दोन बटणे कचेरीच्या पिशवीत असू द्यावीत.

मित्रांनो, यातील कोणतीही गोष्ट श्रीमंतीची नाही. स्वच्छता, माप आणि निगा या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आणखी एक विनंती आहे. ज्यांना हे ठाऊक झाले आहे त्यांनी शेजारच्या मुलाला किंवा मुलीला मुलाखतीला जाण्यापूर्वी एकदा घरी बोलवावे. त्यांचा शर्ट, त्यांचा पदर, त्यांचे बूट आपुलकीने पाहावेत. चूक दिसल्यास चारचौघांत न बोलता एकांतात सांगावी. आम्हांला त्या दिवशी असे कोणी भेटले असते, तर आम्ही साहेबांच्या प्रश्नांकडे पाहिले असते, बाह्यांकडे नव्हे.